एकनाथचं कुरण

एकनाथ भोयर मूळचा नागपूरचा. डेन्व्हरजवळ आमची घरं समोरासमोर, मैत्री वीसेक वर्षांची. आमच्यातला सॉफ्टवेअरवाला माणूस शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडतो आणि रविवारी लॉन कापतो. हा मात्र बंदूक घेऊन एल्कच्या मागे जायचा. एल्क म्हणजे सांबराचाच भाऊबंद, पण घोड्याएवढा. इथल्या मराठी मंडळातले लोक त्याला तोंडावर 'शिकारीकाका' म्हणायचे आणि पाठीमागे 'कसाई'. हेच लोक पिकनिकला चिकनच्या तंगड्यांवर तुटून पडतात. मला त्यांचा संताप यायचा, आणि मी तर शाकाहारी.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. पुढच्या वर्षी ऑक्सिजनची नळी लागेल, मग डोंगर बंद. आणि त्याच जूनमध्ये, पंधरा-सोळा वर्षं अर्ज करून झाल्यावर, त्याला हव्या त्या जंगलातल्या शिकारीचा परवाना लॉटरीत लागला. देवाला चेष्टा करायची हौस दांडगी, पण वेळकाळ कळत नाही.

"एकदाच जायचंय यार," एकनाथ म्हणाला. "स्वतःच्या पायांनी. मग काय व्हायचं ते होऊ दे."

शिकार ऑक्टोबरातली, पण खरी मेहनत उन्हाळ्यात. हा बॅगेत तांदळाची पिशवी भरून संध्याकाळी कॉलनीत फेऱ्या मारायचा. खोकला आला की कुणाच्या तरी मेलबॉक्सला धरून उभा राहायचा. शिकारीच्या कपड्यांना फोडणीचा वास लागू नये म्हणून वसुधावहिनींनी शेगडी मागच्या अंगणात नेली. जनावराला म्हणे हिंग मैलावरून कळतो. वहिनींना शिकार मुळीच आवडत नव्हती, तरी त्या उन्हात उभ्या राहून पोळ्या भाजायच्या.

जुलैत जागा हेरायला त्यानं एकट्यानं जायचं नाही, अशी त्यांची अट होती. म्हणून माझी वरात निघाली. चढावर दम लागला की एकनाथ दुर्बीण डोळ्यांना लावायचा, म्हणजे थांबायला कारण. समोर नुसती झाडं असायची. मीही तिकडेच बघत बसायचो.

अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या रांगेपलीकडे एक कुरण होतं आणि त्यात पाण्याचं डबकं. तिथल्या झाडाला त्यानं आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, तर फोटोत एक थोराड नर पाणी पीत होता, नव्या शिंगांवर अजून मखमलीसारखी लव. एकनाथ कितीतरी वेळ तो फोटो बघत राहिला.

"सीझन सुरू झाला, की सगळीकडे फायरिंग होतं," तो म्हणाला. "मग हे इथे येतात, कारण इथे शांतता आहे. पण एकदा का माणसाचा आवाज आला, की डोंगर ओलांडून प्रायव्हेट रँचवर जाणार. तिथे आपल्याला एन्ट्री नाही. खेळ खल्लास."

ऑक्टोबरात माझा गुडघा सुजला आणि तो एकटाच निघाला. वहिनींनी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. कुरणाचं लोकेशन त्यांच्या फोनमध्ये राहणार, आणि रोज संध्याकाळी, फोनला रेंज नसली तरी चालणाऱ्या सॅटेलाइटच्या यंत्रावरून 'ठीक आहे' असा मेसेज येणार.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला नाही. वहिनींनी मला फोन केला, पाठोपाठ मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पहाट व्हायच्या आत तीन गाड्या तयार. त्याला कसाई म्हणणारेही आले, थर्मासमध्ये चहा घेऊन. त्या दिवशी त्यांच्यावर रागवायला मला जागा उरली नाही.

जंगलाच्या रस्त्यावर त्याचा ट्रक उभा होता आणि ते यंत्र सीटवरच पडलेलं. वहिनींनी ते उचलून चालू आहे का बघितलं. वाट मलाच ठाऊक होती, म्हणून सुजलेला गुडघा घेऊन मी पुढे झालो.

एकनाथ कुरणाच्या कडेला आडव्या ओंडक्यामागे पालथा पडला होता. मग त्याचं बोट हललं. बंदूक बॅगेवर टेकवलेली होती आणि समोर, झाडांच्या आडून अर्धा बाहेर आलेला, तोच नर होता. अजून दोन पावलं, की पूर्ण उघड्यावर. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मग आमच्याबरोबर आलेल्या, मंडळातल्या विनयचा आवाज आला, "एकनाथकाका, ओ एकनाथकाका". नरानं मान वर केली आणि तो वळला. मागे कळप होता, तोही गेला. एकनाथ बंदुकीवर गाल टेकवून तसाच पडून राहिला.

"वजन नको म्हणून यंत्र खाली ट्रकमध्येच ठेवलं," तो हळूच म्हणाला. "काल अंधार पडताना हा दिसला, म्हणून इथेच झोपलो. वसुधाला सांगू नकोस."

वहिनी धापा टाकत वर आल्या आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत रडू लागल्या.

"काल छाती भरून आली गं, उतरताच येईना," एकनाथ म्हणाला. "बरं झालं आलात. इथे तसंही काही नव्हतं."

हट्टानं तो परवान्याचे उरलेले दिवस तिथे बसला. कुरण रिकामंच राहिलं. नाताळपर्यंत नाकात नळी आली आणि एप्रिलमध्ये तो गेला.

तेराव्याला मंडळातले सगळे जेवायला होते. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भावजी, त्या दिवशी आपण पोचलो नसतो, तर एकनाथ तिथेच गेला असता ना? तेवढे सहा महिने तरी मिळाले मला."

"हो वहिनी," मी म्हणालो. "तुमच्यामुळेच मिळाले."