‘या’ म्हणजे पुरे

कागद कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. बावीस वर्षं ती छताजवळच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून खालच्या माणसांच्या टोप्याच तेवढ्या बघत आली होती. नवं यंत्र बसवायला स्पेनचा फिटर येणार असं कळलं, तेव्हा तिने आपणहून मुलीच्या मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलं. कपडे वाळत घालतानाही पुटपुटणं चालूच. आग्वा म्हणजे पाणी, एर्माना म्हणजे बहीण. मेजाला मेसा आणि कमीजला कमीसा म्हणतात हे कळल्यावर तर ती भाषा तिला अर्धी आपलीच वाटली.

“आई, तीनच आठवडे झालेत. कामावर मिरवू नकोस,” मुलगी म्हणाली.

ती मिरवलीच. पहिल्याच सकाळी तिने त्या मिशीवाल्या फिटरला “ब्वेनोस दीआस” म्हटलं, मुलं किती तेही विचारलं. त्याने बरंच काही सांगितलं. एक अक्षर न कळता ती मान डोलावत राहिली. मुकादम बाजूलाच उभा होता.

चौथ्या दिवशी चार टनांचा रूळ, म्हणजे रोलर, यंत्राच्या बैठकीत उतरवायचा होता. नेमकी फिटरसाठी कंपनीने नेमलेली दुभाषी तापाने घरी. फिटर रुळामागच्या सांदीत उभा राहणार, म्हणजे केबिनमधून तो दिसणार नव्हता. वॉकीटॉकीवरच्या आवाजावरच सगळी भिस्त.

“ताई, तुम्हाला येतं ना त्याचं बोलणं?” मुकादमाने विचारलं.

“येतं.” नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

“बाखा,” आवाज आला. म्हणजे खाली. “पोको आ पोको.” हळूहळू. रूळ इंचाइंचाने उतरू लागला. मग तो म्हणाला, “या.”

ट्रक मागे घेताना खालचे लोक ओरडतात तसंच तिला वाटलं. या, येऊ द्या. तिने लिव्हर सोडला नाही.

“या, या.”

येतेच आहे की, असं ती मनात म्हणाली आणि चपापली. शब्द बोलावत होता, पण आवाज मागे लोटत होता. तिने लिव्हर सोडला. रूळ जागीच हेलकावला. वॉकीटॉकीत नुसता श्वास ऐकू येत होता.

वर घेऊ का? एवढं साधं विचारायचं होतं. डोक्यात फळं आली, रंग आले, मामा-मावश्या आल्या, तेवढं वाक्य येईना. आपल्या मनाने हलवावं तर खाली कोण कसं अडकलंय कोण जाणे. तेवढ्यात मुकादम सांदीपाशी धावला आणि त्याने अंगठा वर केला. तिने रूळ उचलला.

ती शिडी उतरून खाली आली. फिटरचा हातमोजा फाटला होता, दोन बोटं काळीनिळी पडली होती. हाड मात्र वाचलं होतं.

“पेर्दोन,” ती म्हणाली. मग मुकादमाकडे वळली. “मला येत नव्हतं. तरी मी येतं म्हणाले.”

“हे सकाळी सांगायचं होतं,” तो एवढंच बोलला.

बोटांना पट्टी बांधून झाल्यावर फिटरने पेल्यात पाणी ओतायला घेतलं, मध्येच तळहात आडवा धरला आणि म्हणाला, “या.” म्हणजे पुरे. तिने हाताने जवळ बोलावण्याची खूण केली आणि आपला ‘या’ सांगितला. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. हसला नाही.

खोक्यांवर समोरासमोर बसून दोघांनी तासभर शब्द घोकले. वर म्हणजे आर्रीबा. थांबायला आल्तो. ‘या’ दोघांनीही टाकला.

“दुसऱ्या पाळीच्या माणसाला बोलावू?” मुकादमाने विचारलं. फिटरने नकारार्थी मान हलवली आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

दुपारी ती पुन्हा वर चढली. आल्तोमधला आ कानावर पडताच तिचा हात थांबायचा. चाळीस मिनिटांनी रूळ बैठकीत बसला. लिव्हरवरची बोटं सोडवायला तिला थोडा वेळ लागला.

ती खाली आली तेव्हा तो एका हाताने नटबोल्टचे पाने गोळा करत होता. “ग्रासियास,” त्याने आभार मानले. त्यावर ‘दे नादा’ म्हणायचं, म्हणजे त्यात काय एवढं, हे तिला पाठ होतं. ते काही तिच्याने म्हणवलं नाही. तिने त्याच्या हत्यारांच्या पिशवीचं तोंड उघडं धरलं, आणि तो एकेक पाना आत टाकत गेला.