कोणाची कानबाई कोणत्या रविवारी

फैजपूरच्या भंगाळ्यांच्या घरात दोन जावा. थोरली मोहिनी, धाकटी शिल्पा. दोघी एकाच रिक्षाने केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात जायच्या आणि एकाच रिक्षाने परत यायच्या. बघणारे म्हणायचे, सख्ख्या बहिणी तरी अशा राहतात का! मोहिनी हसायची. पण त्या वर्षी आषाढापासून रिक्षात ती बाहेर बघत बसायची, आणि शिल्पा काही बोलली तर "हं" म्हणायची.

शिल्पाला कारखान्यात मोहिनीनेच आणलं होतं. लग्न होऊन चोपड्याहून आलेली पोरगी, शिकलेली, घरात किती भांडी घासेल? मोहिनीने स्वतः कारखान्याच्या मालकांपाशी, रतिलालनानांपाशी, शब्द टाकला. "नाना, माझी जाऊ आहे. हुशार आहे." हे "हुशार आहे" तिने कोणत्या मुहूर्तावर तोंडातून काढलं, देव जाणे!

मोहिनी फैजपूरच्याच कॉलेजची बी.कॉम. दहा वर्षं पॅकिंग तिच्या हाताखाली. वेफरचा आवाज ऐकून ती सांगायची, तेल नीट निथळलं आहे की नाही. कोणत्या बाईचं पोर आजारी आहे, कुणाचा नवरा पिऊन येतो, कुणाला संकष्टीला लवकर सोडायचं, सगळं तिच्या डोक्यात. नानांनाही याची जाण होती. आणि तिथेच घात झाला.

नानांच्या मनात आलं की कारखाना वाढतो आहे, तर कुणाला तरी रीतसर शिकवून आणू. जळगावला दर शनिवारी वर्ग भरायचे, उत्पादन व्यवस्थापनाचा वर्षभराचा डिप्लोमा. फी कारखाना भरणार, आणि पुढे प्रॉडक्शनची सगळी जबाबदारी त्या माणसाकडे. मोहिनीने ऐकलं तेव्हाच मनात एक नवी पर्स घेऊन ठेवली. नानांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "शिल्पा, तू जा. मोहिनीबाई गेल्या तर इथं पॅकिंग कोण बघेल? त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही."

म्हणजे जिच्याशिवाय पान हलत नाही, तिने जागेवरच बसायचं! मोहिनी "हो ना, हो ना" करत बाहेर आली आणि थेट पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तोंड धुतलं.

मग शनिवार सुरू झाले. शिल्पा सकाळच्या एस.टी.ने जळगावला जायची. डबा मोहिनीने करायचा, कारण सासूबाई झुंबरबाईंचं म्हणणं, "पोरगी शिकाले चालली, तिले पोया गरम दे." संध्याकाळी शिल्पा परतली की ओट्यावर दरबार भरायचा. आज काय शिकवलं? शिल्पा सांगायची, "आई, आज बॉटलनेक शिकवलं. बाटलीची मान. बाटली कितीही मोठी असू दे, पाणी मानेतून येईल तेवढंच येतं. कारखान्यात पण अशी एक मान असते."

"पाय बरं!" झुंबरबाई मोहिनीकडे वळून म्हणायच्या. "कसं समजावून सांगते."

पुढच्याच आठवड्यात शिल्पाने नानांना सांगितलं, आपली मान म्हणजे पॅकिंग. कढई रिकामी होते आणि पॅकिंगला माल तुंबतो. नानांनी लगेच दोन बाया वाढवून दिल्या. मोहिनी दोन वर्षांपासून म्हणत होती, "नाना, पॅकिंगला दोन बाया द्या." तेव्हा नानांना ऐकू आलं नव्हतं. बाटलीची मान म्हटल्यावर ऐकू आलं. त्या रात्री मोहिनीने देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि तिच्या लक्षात आलं की आपण काही मागतच नाही आहोत, नुसता हिशेब सांगतो आहोत, शिल्पाला काय मिळालं आणि मला काय नाही.

श्रावण आला. श्रावणात केळीच्या वेफर्सना उसंत नसते. सोमवार, शनिवार, एकादशी, ज्याला त्याला उपासाला वेफर्स हवेत. डिप्लोम्यासाठी शिल्पाला एक प्रकल्प करायचा होता, तिने श्रावणाच्या महिन्याचं सगळं नियोजनच अंगावर घेतलं. हॉलमध्ये पांढरा फळा लावला. कोणत्या दिवशी किती कच्ची केळी येणार, किती तळायची, किती बाया, गाडी कधी निघणार, निळ्या-लाल अक्षरात सगळं मांडलं. नाना फळ्यापुढे उभे राहून मान डोलवायचे.

मोहिनीने फळा एकदाच वाचला आणि तिची नजर एका चौकोनावर थांबली. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी शिल्पाने सर्वात मोठी पाळी लावली होती, सोमवारच्या उपासाचा माल. दुसरा रविवार मात्र कोरा. तिथे लाल अक्षरात "कानबाई".

आता कानबाई ही खानदेशाची श्रावणातली देवी, आणि भंगाळ्यांच्या घरी ती दुसऱ्या रविवारी बसते. आजेसासऱ्यांच्या वेळी पहिल्या रविवारी सुतक आलं होतं, तेव्हापासून पडलेली रीत. चोपड्याला शिल्पाच्या माहेरी कानबाई नाहीच. तिला वाटलं, साऱ्या जगाची कानबाई आपल्यासारखीच दुसऱ्या रविवारी. पण पॅकिंगच्या बाया बहुतेक धरणगावकडून येऊन इथे राहिलेल्या. त्यांची कानबाई पहिल्या रविवारी. आणि कानबाई घरात बसलेली असताना बाई कामावर जाते होय? नारळाच्या देवीला नथ घालायची, भाऊबंद गोळा करायचे, नैवेद्याचे जाड रोट करायचे, रात्र जागवायची, सोमवारी विसर्जन. सोन्याची वाटी दिली तरी त्या दिवशी कुणी उंबरा ओलांडणार नाही.

हे मोहिनीला ठाऊक होतं. फळ्यापुढे तिने केसांवरची कामाची टोपी सारखी केली आणि आत गेली.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शिल्पा जळगावला वर्गात. इकडे सुटीच्या वेळी सुनंदाबाई हात पुसत मोहिनीपाशी आली. ती बायांमधली बोलकी.

"अक्का, उद्या आम्ही काही येत नही, बरं. आमनी बठ्ठीसनी कानबाई शे."

"बरं," मोहिनी म्हणाली.

"शिल्पाताईले सांगा. तिनी फळ्यावर काय लिखेल शे, आम्हले काय समजत नही."

"बरं म्हटलं ना."

फोन पर्समध्येच होता. रिक्षात तो दोनदा हातात घेतला. मग मनाशी म्हणाली, एवढं शिकते आहे, तर हेही शिकवत असतील.

रविवारी सकाळी केळीची गाडी आली. सोलणारे आले, तळणारे आले. पॅकिंगचा हॉल रिकामा. तळलेले वेफर्स ढिगाने येऊन पडू लागले. बाहेर रिपरिप. श्रावणाची हवा, वेफर्स उघडे राहिले की सादळणार. शिल्पाने मोहिनीला फोन केला. "ताई, एकही बाई नाही हो! लवकर या." मोहिनी गेली. दोघी जावा, ऑफिसमधला क्लार्क आणि खुद्द नाना, सगळे पिशव्या भरत बसले. दुपारपर्यंत निम्मा माल मऊ पडला. सोमवारच्या उपासाची गाडी अर्धी रिकामी गेली.

संध्याकाळी नानांनी हात धुता धुता विचारलं, "मोहिनीबाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मोहिनीने या प्रश्नाचा विचारच केलेला नव्हता. चूक शिल्पाची, तर बोलणी शिल्पाला, एवढंच तिने धरलं होतं. हो म्हणावं तर, मग सांगितलं का नाही? तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही."

नानांनी टॉवेल घेतला. "दहा वर्षं या बायांत बसता तुम्ही. पुढच्या वर्षी तुम्हालाच पाठवणार होतो जळगावला." मग टॉवेल खुंटीला लावून निघून गेले.

मंगळवारी बाया आल्या, कपाळाला अजून कुंकवाचा मळवट. शिल्पा त्यांच्यापुढे उभी राहिली. "सुनंदाबाई, एक शब्द तरी सांगायचा!"

"वं माय! अक्काले सांगेल व्हतं ना आम्ही!"

मोहिनीने पिशवीवर पिशवी रचायला घेतली. शिल्पाने तिच्याकडे पाहिलं. "हो का?" एवढंच म्हणाली. मग वही नाही, पेन नाही, नुसती एकेका बाईपुढे जाऊन उभी राहू लागली. तुमची कानबाई कधी? तुमच्याकडे पोळा कसा? गौरी कुणाकडे? बाया हसत हसत सांगत होत्या. दहा वर्षं जे मोहिनीला विचारावं लागायचं, ते तासाभरात फळ्यावर गेलं. आता मोहिनीला विचारायचीही गरज उरली नाही.

आठवडाभर शिल्पा त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. मोहिनीला वाटायचं, भांड बाई एकदाची, शिव्या घाल. पण नाही. "ताई, मीठ द्या." "ताई, रिक्षा आली."

दुसऱ्या रविवारी घरची कानबाई बसली. मोहिनीने कानबाईच्या डोळ्यांना डोळा दिला नाही, फुलंच नीट करत राहिली. विसर्जनानंतर झुंबरबाईंनी रोट वाढले, गंगाफळाची भाजी, खीर. आणि रीतीप्रमाणे दोन्ही सुनांना एका ताटात बसवलं. "काई ठेवू नका ताटात. रोट आहे तो. रुसून खाऊ नका, आन् टाकू नका."

शिल्पाने रोट मोडला, अर्धा मोहिनीच्या बाजूला सरकवला आणि हळूच म्हणाली, "मी नानांना सांगितलं, ताईंनी शनिवारी फोन केला होता. मीच विसरले. तुम्ही नाही म्हणालात ते मला वाचवायला, असंही सांगितलं."

मोहिनीने हातातला घास खाली ठेवला. "काहून असं सांगितलं तू?"

"पुढच्या वर्षीची जागा तुम्हाला मिळेल आता. जळगावच्या वर्गात." शिल्पाने खिरीत बोट बुडवलं. "परीक्षेत काय काय ठाऊक आहे ते सगळं लिहावंच लागतं, ताई. पोटात ठेवून चालत नाही."

झुंबरबाई लांबून ओरडल्या, "काय कुजबुज चालली वं?"

"काही नाही आई. ताईंना रोट जड जातो आहे."

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पस्तावल्याचं होतं की संतापाचं, तिचं तिलाच कळेना. उपकार केला, तोही असा टोचून! पण रोट टाकता येत नाही. तिने तो शेवटच्या कणापर्यंत चावून खाल्ला.

पुढच्या आषाढात मोहिनी नवी पर्स घेऊन जळगावला गेली. डबा शिल्पाने दिला, पोळ्या गरम. वर्ग सुटल्यावर सगळे पांगले, तशी ती टेबलापाशी गेली. शिकवणारे सर कागद आवरत होते.

"सर, गेल्या वर्षी शिल्पा भंगाळे म्हणून होती."

"हो, हो. हुशार मुलगी."

"तिला किती मार्क पडले होते?"