पाहुणचार आणि ग्रँट

आमच्या सेंटरमध्ये दोन गोष्टी साठतात, रिपोर्ट आणि किस्से. रिपोर्ट दिल्लीला जातात. किस्से इथेच राहतात आणि चहाच्या वेळी बाहेर निघतात.

धूर, पाणी आणि फवारणी यांनी माणसाच्या तब्येतीचं काय होतं, ते आम्ही सातारा-सांगलीच्या गावांतून तपासतो. सगळा कारभार ग्रँटवर. ग्रँट संपली की सेंटरच्या प्रमुख मॅडमसकट आम्ही सहाजण घरी!

*

रहिमतपूरजवळ एका काकूंच्या चुलीशेजारी धूर मोजायचं मशीन ठेवलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर मशीन देवघरात! वर हळदीकुंकू, पुढ्यात उदबत्ती. चूल थंडगार.

"काकू, स्वयंपाक?"

"शेजारणीच्या गॅसवर केला की! एवढं भारी मशीन घरात आलंय, त्येच्या तोंडावर धूर सोडू व्हय?"

त्या दिवशीचे सगळे आकडे उदबत्तीचे. ते रिपोर्टात कसे लिहायचे, हे मॅडमना अजून सुचलेलं नाही.

*

उंब्रजचे तात्या उसावर स्वतः फवारणी करतात. साठी उलटलेली. औषध अंगात किती उतरतं ते बघायला त्यांच्या लघवीचा नमुना तपासला, तर इतका स्वच्छ की मॅडमनी पुन्हा तपासायला लावला. पुन्हा तेच! शेवटी मी तात्यांनाच विचारलं.

"आवं, त्यो थोरल्याचा हाय. मिल्ट्रीत असतोय, सुट्टीवर आलाय. तुमी एवढं लांबनं आलायसा, माझं म्हाताऱ्याचं काय द्यायचं? घरातलं चांगलं दिलं!"

*

ग्रँट वाढवून मागायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, "निधी संपल्यावर केंद्राचं पुढे काय?" उत्तराला अख्खं पान. मॅडम दोन दिवस पेन चावत बसल्या होत्या.

आमचे जीप ड्रायव्हर रघूमामा आर्मीतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "कुलूप लिवा मॅडम. एका शब्दात भागतंय."

आम्ही खूप हसलो, पण हसू लवकर आटपलं. मामा खरं तेच बोलत होते.

*

मग कमिटी आली. ग्रँट पुढे चालू ठेवायची की नाही, ते हीच कमिटी ठरवणार. अध्यक्ष पुण्याचे. त्यांना कवठे महांकाळकडे हौसाआजींच्या घरी न्यायचं ठरलं, कारण तिथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, इतकं खारं.

मॅडम आदल्या दिवशीच आजींना सांगून आल्या होत्या. "आजी, तुम्ही रोज पिता तेच पाणी द्या. नाहीतर आमचं काम बंद पडेल."

"पावण्याला खारं पानी? गाव काय म्हनंल, बाई?" आजी कबूल झाल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारातच बाटलीबंद पाण्याचा खोका! मॅडमचा चेहरा उतरला. आजींनी मॅडमकडे एकदा बघितलं. मग आत गेल्या आणि तांब्या-पेला घेऊन आल्या.

अध्यक्षांनी एक घोट घेतला. तोंड कसनुसं झालं. पेला खाली ठेवून त्यांनी खोक्यातल्या बाटलीकडे हात नेला.

आजींनी पायानं खोका मागं सारला. "ती पावण्यांस्नी. तुमी आमचं दुखनं बघाया आलायसा, म्हंजी घरचंच झालासा की!"

अध्यक्षांनी हात मागे घेतला. पेला उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला.

आजींनी तांब्या पुढे केला. "आजून देऊ?"