नादिरची खोली

काकीचा फोन सकाळीच आला. "काका गेला रं…" एवढंच बोलली. भिवंडीतून मानकोलीला पोचेपर्यंत कंटेनरांनी नेहमीसारखीच वाट अडवली. काकाला त्या कंटेनरांचं कोण कौतुक, म्हणून त्या दिवशी चिडताही येईना.

आमची शेतं गोदामांखाली गेली, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या कंपन्यांबद्दल काकाचं एक मत ठाम झालं होतं: नुसता बोर्ड लावणारा पळतो, जोतं बांधणारा राहतो. हे मत घेऊनच तो अफगाणिस्तानात गेला, परदेशी फौजेच्या तळावर इलेक्ट्रिशियन म्हणून. तिथला वायरमन नादिर त्याचा जोडीदार. चार लेकरांचा बाप. फौजेकडे काम करतो म्हणून त्याला गावात धमक्या यायच्या. बायकापोरांना तळाजवळ आणावं, तर फौज टिकेल का, हा त्याचा रोजचा प्रश्न. काकाने धावपट्टीकडे बोट दाखवलं. "इतना सिमेंट डालनेवाला जाता नहीं, भाई. बिनधास्त घर बना." नादिरने गावची जमीन विकली आणि तळाच्या कुंपणालगत घर बांधलं.

फौज गेली, सिमेंट तिथेच राहिलं. काकाला विमानात जागा मिळाली, नादिरला कुंपणाच्या आतही येऊ दिलं नाही. नंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

टीव्हीवर कुठल्याशा देशात फौज उतरल्याची बातमी आली, की आम्ही पुतणेमंडळी जेवता जेवता जगाचा निकाल लावायचो. तिथल्या लोकांचं भलंच होईल, असं मीच एकदा म्हणालो. काका भाकरी मोडत म्हणाला, "येतील झोकात. जातील कशी, ते कोन इचारतं?"

अफगाणिस्तानातून परत आल्यावर त्याने घरामागे एक खोली बांधली. वायरिंग स्वतः केलं. गोदामातले कामगार भाड्याला मागायचे, हा देत नसे. मी त्याला वेड्यात काढलं, तेव्हा म्हणाला, "तो येल म्हनून न्हाय रं… त्याला मी घर बांधाया सांगितलं. मंग एक घर माझ्याकडं नको?" मला काका फार आवडायचा. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना मी जरा जपूनच बोलू लागलो.

परवा मानकोलीला गेलो होतो. काकी ती खोली झाडत होती. गोदामाचा नवा सुपरवायझर दारात येऊन म्हणाला, "मावशी, खोली रिकामीच आहे ना? आम्हाला द्या की."

काकीने दिवा लावून पाहिला, बंद केला आणि कडी घातली.

"दिलेली हाय," ती म्हणाली.