मेंढ्यांची पंगत

सटवाजीमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसले होते. मेंढ्यांची वजनं करायची होती आणि या माणसाचा पत्ता नाही. मामींचं नाव दिसलं तशी मी तोंड सोडलं, "मामी, आज तरी वेळेवर पाठवायचं ना त्यांना!" मामी म्हणाल्या, "मॅडम, ते पहाटंच गेले..." आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?"

मामा जळकोटकडचे, पिढीजात मेंढपाळ. लातूरजवळच्या आमच्या शेडवर ते मेंढ्या सांभाळायचे. मी पशुवैद्यक, पशुआहार माझा विषय. पण मेंढीच्या नुसत्या चालण्यावरून "हिचं पोट भरलं न्हाई" म्हणायचे ते, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. राग यायचा मला! यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही एक प्रयोग केला. सोयाबीनची पेंड खाऊ घातली तरी तिच्यातली बरीच प्रथिनं मेंढीच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या पोटातले, जीवजंतूच फोडून टाकतात आणि ती लघवीवाटे वाया जातात. बाभळीच्या शेंगांचा तुरटपणा बेतानं मिळाला तर ती तिथं न फुटता पुढं सरकतात, पचतात, अंगी लागतात, असं म्हणतात. ते ताडून बघायचं होतं. उजव्या कप्प्यातल्या मेंढ्यांना पेंडीत शेंगांची भुकटी, डाव्या कप्प्याला नुसती पेंड. लेंड्या गोळा करायला मागं कापडी पिशव्या बांधल्या, तर मामा म्हणाले, "मॅडम, मेंढरांना चड्ड्या घालून राहिल्या का?" सगळी शेड हसली. मग गंभीर होऊन म्हणाले, "पर डाव्या अंगाच्यांनी काय गुन्हा केला? एका पंगतीत एकाला वाढायचं अन् दुसऱ्याला न्हाई, हे कसलं शास्तर?" तुलना केल्याशिवाय कळणार कसं, हे मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. "हाव, हाव," म्हणाले. ते 'हाव' म्हणजे होकार, असं मी धरून चालले.

दोन्ही कप्पे सारखेच निघाले. शेंगांनी काही फरक पडत नाही, असा अहवाल मी लिहिला. जळकोटच्या मेळाव्यात मेंढपाळांना ठणकावून सांगितलं, "शेंगांच्या नादी लागू नका." मामा मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. दमले असतील, असं मला वाटलं.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी घरी भेटायला गेले. मामींनी चहा दिला आणि सहज बोलावं तसं बोलल्या, "दुपारी तुम्ही जेवाया गेल्यात की डाव्या अंगाच्यांना शेंगा टाकायचे. म्हणायचे, मॅडमला सांगू नको, उगंच वाईट वाटंल." मी कप खाली ठेवला. डाव्या कप्प्याच्या लेंड्यांत एकदा बाभळीचं बी सापडलं होतं. वाऱ्यानं आलं असेल म्हणून मीच ते झटकून टाकलं होतं... "रोज टाकायचे का?" मी विचारलं. "काय की माय, मी कुठं बघाया होते?"

तेव्हापासून डोकं चालेनासं झालंय. रोज टाकल्या असतील तर फरक दिसणार कुठून? एखाद्या दिवशीच टाकल्या असतील तर अहवाल कदाचित बरोबरच आहे. मामांवर चिडू? त्यांनी माझी मेहनत पाण्यात घातली. की त्यांना शेंगांचा गुण ठाऊक होता, म्हणूनच डाव्यांना वगळणं जिवावर आलं? मग जळकोटला गप्प का बसले? मला भ्यायले? मी एवढी का अंगावर येते माणसांच्या? चूक दुरुस्त करायची तर गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं लागतं. झाकावी, तर माझ्या शब्दावर त्यांचेच भाऊबंद हाताशी असलेला खुराक टाकून देतात.

परवा दुपारी मी जेवायला गेलेच नाही, शेडमध्येच बसून राहिले. प्रयोग संपला तरी मेंढ्या त्याच कप्प्यांत होत्या. उजव्या कप्प्यातल्या बसल्या जागी रवंथ करत होत्या. ऊन डोक्यावर आलं तशा डावीकडच्या एकेक करून उठल्या, मागच्या कुंपणाशी गेल्या आणि माना वर करून ओरडू लागल्या. एकही मागं राहिली नाही. रोजची सवय असल्याशिवाय जनावर असं करत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मामांसाठी मी पहिल्यांदा रडले, आणि चिडलेही... जळकोटला जाऊन सांगणार आहे, मामांचं नाव घेऊन. ते सांगताना तोंडातून शब्द कसे फुटतील, मला माहीत नाही. मी उठून आत आले तरी त्या तिथंच उभ्या होत्या.