सासूबाईंना सापडलेलं शिंग

सासूबाई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत शॉमबर्गला आल्या तेव्हा बर्फ नुकताच वितळला होता, आणि घरात बसून त्या पार कंटाळल्या होत्या. माझ्या टीममधला एक पिकल्या दाढीचा सहकारी पट्टीचा शिकारी. शहरापासून लांब त्याचं शेत, शेताला लागून जंगल. तो म्हणाला, "शनिवारी त्यांना घेऊन ये. हरणांची शिंगं शोधू." तिकडे नरांची शिंगं हिवाळा सरता सरता आपोआप गळतात आणि लोक ती हौसेनं शोधत हिंडतात, हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंना भीत भीत विचारलं.

"मारायचं नाही ना काही? मग चल."

पंजाबी ड्रेसवर माझं जॅकेट आणि पायात माझ्या नवऱ्याचे बूट अशा थाटात त्या चिखलातून आमच्या पुढे चालत होत्या. थोड्या वेळानं झुडपाशी वाकून म्हणाल्या, "हे बघ गं, इथे काय पडलंय."

त्यांच्या हातात मनगटाएवढं जाड, लांबलचक फाट्यांचं शिंग होतं. सहकारी धावत आला, शिंग पाहिलं, टोपी काढली आणि चिखलातच बसला. मला वाटलं, याच्या छातीत दुखतंय.

"हा तोच आहे," तो म्हणाला. एका अवाढव्य नराच्या मागे तो कित्येक हंगाम होता. गेल्या वर्षी तो नर दिसेनासा झाला, तेव्हा कुणीतरी मारला असं हा धरून चालला होता. "शिंग ताजं आहे. म्हणजे तो जिवंत आहे." आणि तो हसायलाच लागला, डोळे पुसत हसायला लागला. का कोण जाणे, आम्हीही हसत सुटलो.

मग जोडीचं दुसरं शिंग शोधायची नुसती झुंबड. सासूबाईंनी सांगितलं, "आमच्या लहानपणी गालगुंड झालं की सांबरशिंग उगाळून लावायचे. एवढ्यात तर अख्खी गल्ली बरी होईल." मी भाषांतर केल्यावर त्यानं शिंग छातीशी घट्ट धरलं. दुसरं मला सापडलं, तारेच्या कुंपणाखाली. उडी मारताना हिसका बसून गळलं असणार. मी ते उचलायला गेले आणि पाय घसरून आडवी झाले. दोघांनी आधी शिंग उचललं, मग मला.

पुढच्या आठवड्यात जवळच्या गावातल्या शाळेच्या जिममध्ये, कुणाचं शिंग किती मोठं ते ठरवायला, शिंगांची मोजणी होती. मोजणारे आजोबा पोलादी टेप लावून एकेक फाटा मोजत होते, आणि मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. त्यांनी आकडा जाहीर केला तशा टाळ्या पडल्या. शिकाऱ्यांनी सासूबाईंबरोबर फोटो काढायला रांग लावली. एकानं अदबीनं विचारलं, कुठे सापडलं? आपली जागा कुणी सांगत नाही, असं सासूबाईंच्या कानावर आलं होतंच. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "इन मड." त्या उत्तरावर जिमभर हशा.

परतताना पार्किंगमध्ये त्यांनी सहकाऱ्याला विचारायला सांगितलं, "आता तू त्याला मारणार का?"

"प्रयत्न तर करणारच, आई," तो म्हणाला. 'आई' तो माझं ऐकून शिकला होता.

"कर हो. मी त्याच्या बाजूनं देवाला सांगेन."

हे ऐकून तो गाडीला टेकून कितीतरी वेळ हसत राहिला.

सासूबाई उन्हाळ्यात नागपूरला परतल्या. थंडीत शिकारीचा हंगाम सुरू झाला. सहकारी झाडावरच्या मचाणावर कुडकुडत बसायचा आणि सोमवारी ऑफिसात मला सांगायचा, "सासूबाईंना कळव, त्या जिंकताहेत." मी फोनवर कळवलं की पलीकडून खुदूखुदू हसू ऐकू यायचं. एकदा नर दिसला खरा, पण फार लांब होता, आणि पाहता पाहता मक्याच्या शेतापलीकडे नाहीसा झाला.

हंगाम संपला त्या दिवशी सासूबाईंनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. कुणी विचारलं, काय आनंदाची बातमी? त्या म्हणाल्या, "आमचा अमेरिकेतला एक जण वाचला."