दामूदादांचे दोन शब्द

दामूदादा वर्गात शिरले की वीस-बावीस तगडी माणसं उभी राहत. ते पहिल्या बाकावर बसेपर्यंत कुणी बसत नसे. शिकवायला मी होते, पण माझ्यासाठी कुणी उठल्याचं मला आठवत नाही.

द्रोणागिरीतल्या एका कंटेनर यार्डात मी कामगारांना इंग्रजी शिकवत असे. दामूदादा तिथे सिग्नलमन होते. वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमचा हुकूम ऐकायचा आणि हाताच्या खुणेनं क्रेनवाल्याला सांगायचा, एवढं काम. आधीचे साहेब हिंदीत बोलत, तेव्हा काही अडलं नव्हतं. नवे साहेब लांबून आलेले. त्यांचं सगळं इंग्रजीत, आणि तेही भरभर. म्हणून माझा वर्ग.

दादा उरणकडच्या खाडीकाठच्या गावचे. वडिलांचं मिठागर बंदराच्या प्रकल्पात गेलं, त्या बदल्यात ही नोकरी मिळाली. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. वर्गातले निम्मेअधिक त्यांचे पुतणे, भाचे नाहीतर शेजारी. मी प्रश्न विचारला की सगळे दादांकडे बघत. दादा गप्प राहिले तर सगळा वर्ग गप्प. थोरल्याला न आलेलं उत्तर धाकट्यानं कसं द्यायचं? मी "समजलं का?" विचारलं की दादा मान हलवत, "कलला." मग मागून वीस आवाज येत, "कलला."

एकदा चहाच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, दादा, चुकलं तरी बोलून बघा, चुकत चुकतच भाषा येते. ते बशीत चहा ओतत राहिले.

"चुकायला पन वय लागतंय, मॅडम," ते म्हणाले. "आमचा गेला. पोरा बगतान."

परीक्षा तोंडी होती. इंग्रजी हुकूम मी वाचायचा आणि त्याचा अर्थ त्यांनी सांगायचा. दादांनी पहिले चार धडाधड सांगितले. मला शंका आली म्हणून पाचवा सोडून मी आठवा वाचला. त्यांनी पाचव्याचा अर्थ सांगितला. मी सरावाला दिलेला अख्खा कागद त्यांनी क्रमानं पाठ केला होता. मागे रुपेश, त्यांचा सख्खा पुतण्या, जमिनीकडे बघत उभा होता. मी साताऱ्याकडची. वडीलधाऱ्या माणसाला पोरांसमोर नापास करणं माझ्या हातून होईना. मी बरोबरची खूण केली आणि सही केली. बाकीच्यांनीही तोच कागद पाठ केला होता. दादा पास झाल्यावर त्यांना कोणत्या तोंडानं अडवणार? सगळे पास झाले. त्या दिवशी बसथांब्यावर उभी असताना पलीकडे क्रेन फिरताना दिसत होत्या. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

पुढच्या महिन्यात दादा वर्गाच्या अर्धा तास आधी एकटेच आले. दार लोटून घेतलं. आदल्या दिवशी कंट्रोल रूममधून 'डोन्ट लोअर' असा हुकूम आला होता. कंटेनर खाली घेऊ नका.

"मना निसता 'लोअर' आयकू आला," ते म्हणाले. "पयला शब्द खरखरीत गेला. मी 'ओके सर' बोललो न हात खाली केला."

खाली एक बिहारी कामगार साखळी सोडवत होता. तो मागे सरकला म्हणून वाचला. कंटेनर त्याच्यापासून वीतभर अंतरावर टेकला. कुणी वर कळवलं नाही. सांगताना दादांनी खुणेचा उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला होता.

मी त्यांना दोनच शब्द शिकवले. 'से अगेन.' पुन्हा सांगा. ते आठवडाभर रोज लवकर येऊन ते म्हणत. उच्चार दुसऱ्याच दिवशी जमला, पण आवाज फुटत नव्हता.

"ह्या दोन शब्दांना छाती लागतंय," ते म्हणायचे. "हा बोललो म्हंजे मना येत नाय, आसा सगल्यांना कलला."

आणि एके दुपारी ते बोलले. हुकूम तुटक आला. दादांनी क्रेन थांबवली आणि सगळ्यांच्या देखत वॉकीवर म्हणाले, "से अगेन, सर." हुकूम पुन्हा आला, पुन्हा भरभर. दादा तीनदा तेच म्हणाले. ट्रेलरची रांग गेटपर्यंत गेली.

साहेबांनी चौकशी लावली आणि माझी सही असलेला कागद काढला. त्यांचं म्हणणं, हा माणूस इंग्रजीत पास आहे, म्हणजे ह्याला समजत होतं. ह्यानं मुद्दाम काम अडवलं. गावचा पुढारी आहे, जमीन गेल्याचा राग काढतो. दादांना घरी बसायला सांगितलं.

मी साहेबांना भेटायला गेले. माझी खूण खोटी होती, चूक माझी आहे, हे इंग्रजीतून सांगायचं म्हणून रात्री वाक्यं लिहून काढली होती. साहेबांनी मान वर न करता त्यांच्या भरभर इंग्रजीत काहीतरी विचारलं. माझी वाक्यं पर्समध्येच राहिली. परीक्षेच्या कागदावरच्या सहीवर बोट ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "येस सर." बाहेर आल्यावर कारकुनाकडून कळलं की त्यांनी एवढंच विचारलं होतं, ही सही तुमचीच ना, आणि तो खरंच पास झाला होता ना.

त्याच दुपारी मी दादांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. सून पाणी देऊन आत गेली. दादांनी विचारलं, साहेब काय बोलला?

"मला तिथे पूर्ण कळलं नाही, दादा," मी म्हटलं. "मी येस सर म्हणून आले."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी यार्डाकडे हात केला. मग म्हणाले, "आज सकालधरून माजे जागेवं रुपेश हाय."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्याचे कागदावं सही कुनाची?"

"माझी."

दादा उठले. सुनेला हाक मारून मोबाइल मागवला आणि रुपेशचा नंबर लावला. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी ते फोन कानाला धरून यार्डाच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. रिंग जात होती.